हेरल्ड मोटारीचें एंजिन घरीं उतरविणें

मोटारीचें एंजिन बदलावयाचें झाल्यास खरी परीक्षा नवें एंजिन बसविण्यांत नसून जुनें उतरविण्यांत असते, असें आमचें मत आहे. ऐकणारास हें विपरीत वाटेल. कारण खोलणें सोपें व जोडणें कठीण असाच सर्वत्र समज आहे. समज खोटा नाहीं. परंतु जोडणें कठीण कां होतें हें शोधूं गेल्यास त्याचें कारण बहुतेक वेळां खोलतांना केलेल्या घाईंत सांपडतें. खानदेशांत धुळें, जळगांव, चाळीसगांव, भुसावळ यांपैकीं कोणत्याहि गांवीं जुन्या वाड्यांच्या परसांत डोकावून पाहिलें असतां निंबाच्या झाडाखालीं विटांवर चढविलेली, बोनेट नसलेली एखादी मोटार पुष्कळदां दृष्टीस पडते. तिचें एंजिन मोठ्या हौसेनें काढलेलें असतें. तें पुन्हां बसलें नाहीं, कारण कोणता बोल्ट कोठला हें आतां कोणासच ठाऊक नसतें. अशी मोटार शेवटीं भंगारवाल्याच्या कांट्यावर वजनानें विकली जाते. ही नासाडी टळावी, आणि ज्या तरुण वाचकांस यंत्रांची आवड आहे त्यांनीं हें काम हातीं घेतल्यास हातपाय शाबूत ठेवून तें तडीस न्यावें, एवढ्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

एंजिन बदलण्याची कला आपल्या भागास नवी नाहीं. मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यास एकमेकांस मिळतात. त्यामुळें तेथें व पुढें जळगांवच्या वाटेवर मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्र्यांची वस्ती पूर्वींपासून आहे. १९७३ नंतर पेट्रोल महाग झालें, तेव्हां अनेकांनीं आपल्या जीप व अँबॅसडर गाड्यांतील मूळचें पेट्रोलचें एंजिन काढून तेथें डिझेलचें बसविलें. बजाज टेंपो कंपनीच्या मॅटडोर गाडींत मर्सिडीझच्या नमुन्याचें जें डिझेल एंजिन पुढें येऊं लागलें, त्यास या कामीं मोठी मागणी असे. त्या बदलांत पैसा वांचला, हें खरें; पण वजनदार एंजिनाखालीं पुढचे पाटे बसले, ब्रेक अपुरे पडूं लागले, आणि हादऱ्यानें सांगाड्यास चिरा गेल्या, अशाहि गाड्या मिस्त्र्यांकडे दुरुस्तीस येत. म्हणजे एंजिन जागेंत मावलें एवढ्यानें काम झालें असें होत नाहीं.

धड्यासाठीं आम्हीं स्टँडर्ड हेरल्ड ही मोटार घेतली आहे. ती कां घेतली, हें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. इंग्लंडांत ट्रायंफ हेरल्ड या नांवानें ती १९५९ सालीं विक्रीस आली. तिची आकृति इटलींतील जोव्हान्नी मिकेलोत्ती यानें आंखली होती. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनें १९६१ पासून ती आपल्या देशांत तयार करण्यास आरंभ केला. त्या काळीं इतर बहुतेक कारखाने मोटारीचा सांगाडा व पत्र्याचें अंग एकजीव करूं लागले होते. हेरल्डचें मात्र तसें नाहीं. तिची चेसिस निराळी असून अंगाचे भाग तिच्यावर बोल्टांनीं बसविलेले आहेत. यामागील गोष्ट मौजेची आहे. इंग्लंडांतील ज्या फिशर अँड लडलो कंपनीकडून स्टँडर्ड-ट्रायंफला मोटारींचीं अंगें मिळत, ती १९५३ सालीं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या प्रतिस्पर्ध्यानें विकत घेतली. एकसंध अंग बनवून देणारा कोणी उरला नाहीं, म्हणून तुकड्यांनीं बनवून जोडतां येईल अशी मोटार योजावी लागली. कारखानदाराची अडचण ती विद्यार्थ्याची सोय झाली. हेरल्डचें बोनेट दोन्ही बाजूंच्या पंखांसह पुढील बाजूस आडवें होतें, व माणूस पुढच्या चाकावर बसून एंजिनाच्या तिन्ही बाजूंस हात घालूं शकतो. एवढी उघडी मोटार शिकणारास दुसरी क्वचितच मिळेल.

शिवाय ती शर्यतीच्या घराण्यांतील आहे. हेरल्डचीच चेसिस आंखूड करून तिच्यावर १९६२ सालीं ट्रायंफ कंपनीनें स्पिटफायर नांवाची दोन आसनांची उघडी स्पोर्ट मोटार काढली, आणि १९६५ सालीं फ्रान्सांतील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत स्पिटफायर आपल्या वर्गांत पहिली आली. दोघींच्या एंजिनांत काय अंतर होतें हें पाहण्यासारखें आहे. हेरल्डच्या पहिल्या एंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ६३ मिलिमीटर व पिस्टनचा फेरा ७६ मिलिमीटर. व्यासाचा वर्ग करून त्यास ०.७८५४ नें गुणावें, मग फेऱ्यानें व शेवटीं चार सिलिंडर म्हणून चोहोंनीं गुणावें. मापें सेंटिमीटरांत घेतल्यास उत्तर सुमारें ९४८ घन सेंटिमीटर येतें. स्पिटफायरचा फेरा तोच, ७६. व्यास मात्र ६९.३. उत्तर ११४७. व्यास बरोबर एक दशांशानें वाढला आणि घनफळ शेंकडा २१ नें वाढलें. वर्गाचें सूत्र वर्गांत घोकतांना जें कंटाळवाणें वाटतें तें येथें असें ओतीव लोखंडांत उतरलेलें दिसतें.

आतां कोणतें एंजिन बसवावें हा प्रश्न, आणि तो पहिला नट ढिला करण्यापूर्वीं सोडवावयाचा आहे. ज्यांस हेरल्ड अधिक चपळ करावयाची असते त्यांची नजर बहुधा दोन ठिकाणीं जाते. एक, त्याच घराण्यांतील वरील ११४७ चें एंजिन. दुसरें, मुंबईच्या प्रीमियर कंपनीनें १९८५ च्या सुमारास काढलेल्या ११८ एन्.ई. या गाडीचें निस्सान नमुन्याचें एंजिन. याचा व्यास ७३ व फेरा ७० मिलिमीटर. घनफळ वाचकांनींच काढून पाहावें, तें ११७१ च्या पुढेंमागें येईल. हें एंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेनें बसणारें असून त्याचा गिअरबॉक्स मागें व जोर मागच्या चाकांस असतो, म्हणून तें हेरल्डच्या पोटांत बसविणें शक्य कोटींतलें आहे. उलट, मारुती ८०० चें एंजिन भंगारांत स्वस्त मिळतें म्हणून घेऊन येणारे हौशी लोक असतात. त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं तें आडवें बसतें, त्याचा गिअरबॉक्स बाजूस असतो व जोर पुढील चाकांस जातो. असलें एंजिन हेरल्डमध्यें घालूं पाहणें म्हणजे उजव्या पायाचा जोडा डाव्या पायांत घालण्यापैकींच होय.

परंतु यंत्राच्या आधीं कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणी-पुस्तकांतील वर्णन कारखान्यानें दिलेल्या मूळ वर्णनापासून निराळें होईल असा बदल गाडींत करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मधील एका निकालांत हाच अर्थ स्पष्ट केला आहे. झिजलेल्या एंजिनाच्या जागीं त्याच जातीचें दुसरें एंजिन नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीनें बसवितां येतें. तेव्हां धुळ्याच्या एम्.एच्. १८ किंवा जळगांवच्या एम्.एच्. १९ या खुणेखालीं जिची नोंद आहे अशा गाडीच्या मालकानें प्रथम आपल्या परिवहन कार्यालयांत जाऊन, अमुक क्रमांकाचें अमुक एंजिन बसवावयाचें आहे, असा अर्ज करावा. ११४७ चें एंजिन एकाच घराण्यांतील असलें तरी घनफळाचा आंकडा बदलतो, म्हणून तेंहि विचारल्यावांचून घेऊं नये. निस्सानचें एंजिन घातलेली हेरल्ड सार्वजनिक रस्त्यावर आणतां येईल अशी आशा धरूं नये. ती खासगी मैदानावरील खेळणें होईल. आमचा स्वतःचा कल असा आहे कीं, पहिल्या प्रयोगास ९४८ च्या जागीं नीट दुरुस्त केलेलें ९४८ च बसवावें. यांत पराक्रम कमी दिसेल; पण शिक्षण तेवढेंच मिळतें आणि मोटार घराबाहेर काढतां येते.

आतां जागा. काळ्या मातीच्या अंगणांत हें काम पावसाळ्यांत करूं नये. जॅक खालीं रुततो व घोडी कलते. फरशी किंवा सिमेंटचा कोबा असल्यास उत्तम. नसल्यास जॅकखालीं जाड सागवानी फळी घालावी. गाडी उचलून तिला लोखंडी घोड्यांवर टेकवावें. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं डोकें घालूं नये, आणि विटांवर तर मुळींच विसंबूं नये. भाजलेली वीट दाबाखालीं आगाऊ सूचना न देतां फुटते. मेमध्यें आपल्याकडील पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, तेव्हां दुपारीं उन्हांत पडलेला पाना हातांत धरवत नाहीं. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने या कामास सर्वांत बरे.

एंजिन उचलावयाचें कशानें? शहरांतील कारखान्यांत त्यासाठीं चाकांवरील क्रेन असते, व ती भाड्यानेंहि मिळते. खेड्यांत मात्र विहिरींतील पंप वर काढण्याकरितां जी तिपाई व चेन-पुली वापरतात तीच मागून आणतात, आणि ती पुरेशी असते. घराच्या तुळईस चेन-पुली टांगण्याचा मोह बहुतेकांस होतो. धाब्याचें घर, वर दोन हात मातीचा थर, खालीं शंभर वर्षांची सागवानी तुळई. ती दिसावयास भक्कम असते, पण वाळवीनें आंत काय केलें आहे हें बाहेरून कळत नाहीं, आणि तिच्यावर मातीचा भार आधींच आहे. तीस दीडशे किलोचा झोका देणें हा एंजिनाशीं नव्हे तर छपराखालच्या माणसांशीं खेळ होय. तिपाईच वापरावी, आणि तिचे पाय फांकूं नयेत म्हणून ते खालीं सांखळीनें एकमेकांस बांधावे. याचें कारण गणितानें दाखवितां येतें. दीडशे किलोचा भार टांगला असतां प्रत्येक पाय लंबापासून ३० अंश कलता असेल, तर तो जमिनीवर बाहेरच्या बाजूस सुमारें २९ किलोच्या जोरानें रेटतो. तोच ४५ अंश कलता असल्यास ५० किलोच्या जोरानें. गुळगुळीत फरशीवर एवढा रेटा पायास घसरविण्यास पुरे आहे. चेन-पुलीवर ती किती भारासाठीं आहे तो आंकडा कोरलेला असतो; तो अर्ध्या टनाहून कमी असल्यास ती परत करावी.

खोलण्याचा क्रम आम्ही सांगतों तो असा. सर्वांत आधीं बॅटरीची तार काढावी, तीहि अंगास जोडलेली प्रथम व दुसरी मागून. म्हणजे पाना चुकून पत्र्यास लागला तरी ठिणगी उडत नाहीं. मग पेट्रोल. हेरल्डची टांकी मागच्या बाजूस असते व पंप एंजिनावर. पंपाची नळी सोडल्यावर तिच्यांतून पेट्रोल गळत राहतें, म्हणून तिच्या तोंडास ताबडतोब बूच मारावें. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती वर उडून न जातां जमिनीलगत वाहते, खड्ड्यांत, मोरींत, पायरीखालीं सांचते, व दहा हातांवरील ठिणगीनेंहि पेटूं शकते. विडी ओढणारास दूर ठेवणें सर्वांस सुचतें. परसाकडील चूल, पाणी तापविण्याचा बंब आणि संध्याकाळीं देवघरांत लागणारें निरांजन मात्र लक्षांत येत नाहीं. हा दिवस घरांतील मंडळींस आधींच सांगून ठरवावा. वाळूची एक बादली जवळ असावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतल्यास पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरते.

रेडिएटर रिकामा करतांना त्यांतील पाणी जमिनीवर सोडूं नये. हल्लीं त्यांत जें रंगीत द्रावण घालतात तें चवीस गोड पण विषारी असतें, आणि अंगणांतील कुत्रें किंवा वासरूं तें चाटल्यावांचून राहत नाहीं. तें घमेल्यांत धरून झांकून ठेवावें. एंजिनांतील तेलहि काढून घ्यावें. तें बोटांवर चोळून उजेडांत पाहावें. पिवळी चकाकती कणी दिसली तर बेअरिंग झिजलें आहे, आणि तेलास दुधाळ रंग आला असेल तर त्यांत पाणी शिरलें आहे. एंजिन खरोखर बदलण्याजोगें आहे कीं नुसतें पॅकिंग बदलून भागेल, हें ठरविण्याची ही शेवटची संधि होय.

यापुढें बोनेट. दिव्यांच्या तारा सोडवून व पुढील बिजागऱ्यांचे बोल्ट काढून तें दोघांनीं उचलावें व भिंतीशीं गोधडीवर उभें करून ठेवावें. मग रेडिएटर, रबरी नळ्या, पंखा. मग कार्ब्युरेटर व त्याच्या तारा. मग डायनामो व स्टार्टर. सायलेन्सरच्या नळीचे नट गंजून घट्ट झालेले असतात. त्यांवर आदल्या रात्रीं रॉकेल व तेल यांचें मिश्रण सोडून ठेवावें व सकाळीं हात लावावा. न सुटल्यास जोर वाढविण्यापेक्षां आणखी एक रात्र द्यावी. मोडलेला स्टड खोदून काढण्यास जो वेळ जातो त्याच्या मानानें एक रात्र म्हणजे कांहींच नव्हे.

पान्यांविषयीं एक इशारा. हेरल्ड इंची मापांची आहे व आजच्या घरांतील पाने मिलिमीटरांचे. अर्धा इंची नट म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यास १३ चा पाना बसतो, पण सैल बसतो, आणि घट्ट नटावर जोर दिला कीं नटाचे कोंपरे गोल होतात. नऊ-सोळांश इंच म्हणजे १४.३, येथें १४ चा शिरत नाहीं व १५ चा फिरतो. इंची पान्यांचा जुना संच भंगार बाजारांत अजूनहि मिळतो. तो मिळेपर्यंत काम सुरूं करूं नये, असें आम्ही निक्षून सांगतों.

मात्र या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे टिपण. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा देह १९२६ सालीं धुळ्यास पडला, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें आहे, हें आपल्याकडील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. जुना कागद कोठें, कोणाच्या दप्तरांत सांपडला याची नोंद नसेल तर त्याची अर्धी किंमत जाते, हें अशा ठिकाणीं गेल्यावर कळतें. बोल्टाचेंहि तेंच. डब्यांत टाकलेले चाळीस बोल्ट म्हणजे तारीख-ठिकाण नसलेले चाळीस कागद! म्हणून शक्य तेथें बोल्ट काढल्यावर तो त्याच्याच भोंकांत दोन फेरे फिरवून ठेवावा. जेथें भाग निघून जातो तेथें पुठ्ठ्यावर त्या भागाची आकृति काढून, भोंकाच्या जागीं पुठ्ठा टोंचून त्यांत तो तो बोल्ट खोंचावा. पाण्याच्या पंपाचे बोल्ट दिसावयास सारखे पण लांबीला निराळे असूं शकतात, आणि लांब बोल्ट आंखूड भोंकांत पिळला तर ओतीव लोखंडास तडा जातो. प्रत्येक तारेस कापडी चिकटपट्टी लावून तिच्यावर दोन्ही टोंकांची नांवें लिहावींत. आजकाल प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्रें काढणारा दूरध्वनि असतो, व पुष्कळांस वाटतें कीं चित्र काढलें म्हणजे झालें. चित्र उपयोगी आहे. पण चित्रांत तार दिसते, ती कोठून आली हें दिसत नाहीं. नट दिसतो, त्याच्या मागें दोन वायसर होते कीं एक, हें दिसत नाहीं. वही पाहिजेच. वहींत काय लिहिलें आहे याची पारख अशी करावी कीं, जो त्या दिवशीं हजर नव्हता अशा मित्राच्या हातीं ती द्यावी व त्यास विचारावें, "एवढ्यावर तूं हें जोडूं शकशील काय?" जळगांवास अजिंठा चौफुलीकडील एका वृद्ध मिस्त्र्यानें आम्हांस सांगितलें होतें कीं, गिऱ्हाइकानें स्वतः खोलून आणलेल्या एंजिनाचे तो दुप्पट पैसे घेतो. आम्हांस त्याचा दर वाजवी वाटला.

आतां गिअरबॉक्स. हेरल्डमध्यें तो आंतून, म्हणजे बसण्याच्या जागेंतून काढतां येतो. पुढील आसनें काढून मधलें झांकण उचललें कीं तो समोर असतो. कित्येक जण एंजिन व गिअरबॉक्स एकत्रच ओढून काढतात. त्यांत एक खेप वांचते, पण सगळा लांबलचक लोंबता भार तिरपा करून उचलावा लागतो. घरच्या तिपाईवर तें करूं नये. गिअरबॉक्स आधीं आंतून काढावा. मागील शाफ्टच्या जोडावर दोन्ही बाजूंस छिन्नीची बारीक खूण करून मगच चार बोल्ट सोडावे, म्हणजे जोडतांना तो पूर्वींच्याच तोंडानें बसेल व थरथरणार नाहीं. हेरल्डचा क्लच तेलाच्या दाबानें चालतो. त्याची नळी न उघडतां तिच्या टोंकाचा लहान सिलिंडर तसाच सोडवून तारेनें बाजूस बांधून ठेवावा. गिअरबॉक्स सुटला कीं एंजिनाचा मागील आधार गेला. म्हणून त्यापूर्वींच एंजिनाच्या पोटाखालीं लांकडाचा ठोकळा घालून जॅक लावलेला असावा.

शेवटीं सांखळी. ती एंजिनाच्या पुढें व मागें, दोहों ठिकाणीं पक्क्या बोल्टांनीं अडकवावी; सुताचा किंवा नायलॉनचा दोर नको, गरम वा तेलकट कडेवर तो कापला जातो. सांखळी ताणेपर्यंत चेन-पुली ओढावी, मग दोन्ही फाउंडेशनचे बोल्ट काढावे. या वेळीं बोलणारा एकच असावा. बाकीच्यांनीं ऐकावें. एंजिन चार बोटें उचलून थांबावें व भोंवतीं फिरून पाहावें. एखादी विसरलेली तार किंवा नळी ताणलेली सांपडतेच. ती काढून मग पुढें उचलावें. एंजिन अडकलें तर तें का अडकलें हें शोधावें, हिसका देऊं नये. आणि टांगत्या एंजिनाखालीं व चेसिस यांच्यामध्यें बोट घालूं नये. तें गाडीच्या बाहेर आल्यावर हवेंत ठेवून कौतुक करीत बसण्याचें कारण नाहीं. लगेच खालीं आणून लांकडी चौकटींत बसवावें.

दोन्ही एंजिनें जमिनीवर शेजारीं शेजारीं ठेवलीं म्हणजे खरी तुलना होते. तेलाचें पोट चेसिसच्या आडव्या दांड्यास लागेल काय? फाउंडेशनचीं भोंकें जुळतात काय? बेल हाउसिंगचीं? फ्लायव्हीलचे दांते स्टार्टरच्या दांत्यांशीं जुळणारे आहेत काय? धूर बाहेर जाण्याचा मार्ग कोणत्या अंगास आहे, व तो आपल्याकडील उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या दांड्यास अडतो काय? क्रँकच्या मागील टोंकांत जी लहान बुशी असते तिच्यांत गिअरबॉक्सचा दांडा फिरतो काय? एकाच जातीच्या एंजिनास हे प्रश्न पांच मिनिटांत सुटतात. परक्या एंजिनास प्रत्येक प्रश्न म्हणजे लेथवरील एक नवें काम असतें, आणि मधली जोड-तबकडी केसभर जरी मध्यापासून ढळली तरी क्लच व गिअरबॉक्स यांचे बेअरिंग लवकर जातात.

खानदेशांत आणखी एक प्रश्न आहे, आणि तो आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. रेडिएटर उष्णता किती टाकूं शकतो हें मुख्यतः आंतील पाणी व बाहेरील हवा यांच्या उष्णतामानांतील अंतरावर अवलंबून असतें. पाणी ९० अंशांवर आहे असें धरा. इंग्लंडांत हवा २० अंश असतां अंतर ७०. भुसावळास मेमध्यें हवा ४५ अंश असतां अंतरहि ४५. म्हणजे इतर सर्व सारखें असतां तोच रेडिएटर येथें शेंकडा ६४ एवढेंच काम करतो. त्यांत एंजिन शेंकडा २१ नें मोठें घातलें व त्याच्या ताकदीचा पुरा उपयोग केला, तर उष्णताहि ढोबळ मानानें तेवढीच वाढते. १२१ स ६४ नें भागून पाहावें; इंग्लंडांत जेवढा रेडिएटर पुरला असता त्याच्या जवळजवळ दुप्पट येथें पाहिजे. हिंवाळ्यांत बसविलेलें मोठें एंजिन मार्चपर्यंत सुरेख चालतें, व एप्रिलांत धुळ्याहून पारोळ्यापर्यंत जातां जातां उकळतें, याचें गूढ यांत आहे. म्हणून मूळचेंच एंजिन परत बसविणारानेंहि रेडिएटर आंतून साफ करून घ्यावा, दाबाचें झांकण व थर्मोस्टॅट नवा घालावा, आणि पंखा व रेडिएटर यांमधील फट पत्र्याच्या कड्यानें बंद करावी.

बसविण्याचा क्रम खोलण्याच्या उलट असतो, तेव्हां तो पुन्हां सांगत नाहीं. वहीच शेवटच्या पानापासून वाचीत यावें. तीन गोष्टी मात्र अधिक आहेत. क्लचची तबकडी मध्यावर आणण्यासाठीं जुन्या गिअरबॉक्सचा दांडा किंवा त्या मापाचा लांकडी दांडा वापरावा, आणि गिअरबॉक्स आंत सरकवितांना त्याचा भार तबकडीवर लोंबकळूं देऊं नये. एंजिन प्रथम सुरू करण्याआधीं ठिणगीच्या तारा काढून तें स्टार्टरनें थोडें थोडें फिरवावें, तेलाचा दाब आल्याचें कांट्यावर दिसूं लागल्यावरच तारा जोडाव्या. कोरडें बेअरिंग क्षणार्धांत खराब होतें. आणि चारपांचशें किलोमीटर झाल्यावर फाउंडेशन, सायलेन्सर व शाफ्ट यांचे बोल्ट पुन्हां आवळावे.

बदलाची खबर नोंदणी कार्यालयास चौदा दिवसांच्या आंत द्यावी लागते. तेथें अधिकारी एंजिनाच्या ठोकळ्यावरील क्रमांक पाहतात. म्हणून तो भाग रंगवूं नये, घांसूं नये, व परवानगीचा कागद आणि एंजिन विकत घेतल्याची पावती बरोबर ठेवावी. उतरविलेल्या जुन्या एंजिनाच्या सिलिंडरांत थोडें तेल सोडून, प्लगचीं भोंकें बंद करून, तें गोणपाटांत गुंडाळून कोरड्या जागीं ठेवावें. नवा क्रमांक नोंदणी-पुस्तकांत चढून तें हातीं येईपर्यंत भंगारवाल्यानें कितीहि भाव दिला तरी तें विकूं नये.